दार उघडायचं की नाही, ते मुलाला ठरवू द्या

वाचकांचे प्रश्न : मुलं, भाषा आणि नाटक

मागच्या अंकात मुलांच्या बोलण्याविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. त्यातली काही इथे घेतली आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत. मी मिरज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं आणि निवृत्तीनंतर सांगलीत दर रविवारी मुलांचा नाट्यवर्ग घेते. त्यामुळे उत्तरांत पुस्तकापेक्षा वर्गच जास्त दिसेल.

ताई, आमचा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमात दुसरीत. घरी आम्ही दोघंही मराठीच बोलतो. त्याला सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीत, नाहीतर सोसायटीतल्या हिंदीत. ‘मराठीत सांग’ म्हटलं की ‘काही नाही’ म्हणतो आणि उठून जातो. गावाहून सासूबाई आल्या की आजी-नातवाचं बोलणं ‘जेवलास का’च्या पुढे जात नाही, दोघंही हिरमुसतात. नाटक, खेळ यांनी काही फरक पडेल का? — एक आई, चिंचवड

पडेल. पण आधी ‘मराठीत सांग’ हे वाक्य घरातून बंद करा. तुम्हाला इंग्रजी कळतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचलेलं असतं आणि तरीही तुम्ही त्याला तेच पुन्हा दुसऱ्या भाषेत मागता. त्याच्या दृष्टीने ती बोलण्याची गरज नसते, परीक्षा असते. मूल भाषा बदलतं ते समोरच्याला कळावं म्हणून. तेव्हा ज्याला फक्त मराठीच कळतं असं कुणीतरी घरात आणायला हवं, आणि ते खेळातूनच आणता येतं.

चिऊ-काऊची गोष्ट त्याला माहीत असेलच. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं आणि तो चिऊच्या दाराशी येतो. ‘साडेसात वर्षांच्या मुलाला ही गोष्ट लहान होते,’ असं तुम्ही म्हणाल. ऐकायला लहान होते, खेळायला नाही. त्याला चिऊ करा, तुम्ही किंवा बाबांनी काऊ व्हा. खोलीचं खरं दार वापरा, काऊ बाहेर, चिऊ आत. नियम एकच : दार का उघडत नाही याचं कारण चिऊने दर वेळी नवीन द्यायचं. दार कधी उघडायचं, उघडायचं की नाही, हे सर्वस्वी चिऊच्या हातात.

आमच्या वर्गात दुसरीतल्या एका मुलाने हा खेळ कसा खेळला, ते सांगते. ‘बाळाला अंघोळ घालते’, ‘बाळाला तीट लावते’ ही गोष्टीतली कारणं त्याने पहिल्या मिनिटात संपवली. मग थोडा वेळ शांतता. मी दारावर पुन्हा टकटक केलं.

“चिऊताई, चिऊताई, दार उघड.”

“किल्ली बाबांकडे आहे.”

“मग बाबांना बोलव.”

“बाबा ऑफिसला गेले.”

“फोन कर त्यांना. मी भिजतोय.”

“रेंज नाही इथे.”

“मग खिडकीतून येऊ?”

“नको! खिडकीत आईने पापड वाळत घातलेत!”

पावसात पापड वाळत घातले म्हणून बाकीची मुलं ओरडली आणि त्याला आणखी दोन वाक्यं बोलून ते पापड वाचवावे लागले. आता या मुलाची वाक्यं बघा. बाबांकडे, ऑफिसला, खिडकीत, आईने. विभक्तीचे प्रत्यय काय, ‘कडे’सारखं शब्दयोगी अव्यय काय, त्याने भांडणाच्या भरात सगळं बिनचूक लावलं. व्याकरणाच्या तासाला हेच मूल जांभया देतं. ‘ऑफिस’ आणि ‘रेंज’ हे शब्द त्याने वापरले, मी हटकलं नाही. तुम्हीही हटकू नका.

चुकांचंही तसंच. तो ‘ही माझी पुस्तक’ म्हणाला तर खेळ थांबवून ‘माझी नाही, माझं’ असं सांगू नका. काऊनेच म्हणावं, “अगं, तुझं पुस्तक आहे का ते? दाखव ना, तुझं पुस्तक मला.” बरोबर रूप त्याच्या कानावर दोनदा गेलं आणि खेळही चालू राहिला. एवढंच करायचं.

सासूबाई आल्या की त्याला डॉक्टर करा. आजी पेशंट. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत, हे त्याला कुणी मुद्दाम शिकवावं लागणार नाही, आजी बोलली की पुरे. पोटात मुरडा येतो, डोकं ठणकतं, कंबरेत उसण भरते, पायाला मुंग्या येतात, छातीत जळजळतं. डॉक्टरांना विचारावंच लागतं : कधीपासून? काल काय खाल्लंत? गोळी घेतलीत का? ही ‘तुम्ही’ची रूपं त्याला शाळेतल्या मित्रांशी खेळताना कधीच वापरावी लागत नाहीत. सासूबाईंना सांगून ठेवा की पेशंट हट्टी असला पाहिजे. गोळी नको, इंजेक्शन नको, पथ्य तर मुळीच नको. डॉक्टरांना समजूत घालता घालता नाकी नऊ आले पाहिजेत. समजूत घालायला वाक्यं लांब लागतात, त्यात ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘जर-तर’ सगळं येतं.

आणखी एक. गाडीत, रिक्षात नाव-गाव-फळ-फूल तोंडी खेळा. त्याला देवनागरी लिहिता येत नसलं तरी अडत नाही. ‘च’ आला तर गाव तर तुमचंच आहे. फळ चिकू, फूल चाफा, प्राणी चित्ता. अडलं तर गावी फोन लावून आजीला विचारायची मुभा ठेवा. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तो फोनच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

सुरुवातीला तो अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलेल. बोलू द्या. आणि त्याला कंटाळा यायच्या आधी खेळ थांबवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच दाराशी येऊन उभा राहतो.

नात चार वर्षांची आहे. सुनेला वाटतं आतापासून अक्षरं गिरवून घ्यावीत. मला वाटतं आधी कान तयार व्हावा. कोणते खेळ घेऊ? — एक आजी, चिपळूण

आजी, तुमचं बरोबर आहे, पण त्यावरून सुनेशी वाद नको. तुमचे खेळ सुरू झाले की अक्षरं तिला पुढे सोपीच जाणार आहेत, हे सुनेच्याही लक्षात येईल.

कोड्यांनी सुरुवात करा. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ म्हणा आणि तिच्यासमोर तोंड उघडून जीभ फिरवा. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ हे अंगणात, चांदणं पडलेलं असताना. ‘कोकणातनं आला भट, धर की आपट’ हे नारळ फोडायच्या आधी. उत्तर डोळ्यांसमोर असलं की चार वर्षांच्या मुलीला कोडं सुटतं, आणि सुटलं की तिला स्वतः घालावंसं वाटतं. तिचं पहिलं कोडं बहुधा ‘पाय आहेत पण चालत नाही’ असं काहीतरी असेल. खुर्ची, टेबल, पलंग अशी सगळी चुकीची उत्तरं आधी द्या. ‘नाही, त्यावर झोपत नाहीत’ असं तिला सांगावं लागू दे.

मग टाळ्या. आं-बा, दोन टाळ्या. फ-णस म्हणायचं की फ-ण-स, यावर तुमचं दोघींचं भांडण होईल, होऊ द्या. बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो आणि लिहिताना अक्षर पूर्ण लिहितो, ही गोष्ट तिच्या कानाला आत्ताच खटकली तर लिहायला लागल्यावर ती गोंधळणार नाही.

‘चटईला टाचणी टोचली’ आणि ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ रोज म्हणा, पण तिच्या समोर बसून, तिला तुमचं तोंड दिसेल असं. चिमणीतला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ वेगळा आहे. अक्षर एकच, त्यामुळे पाटीवर तो फरक दिसतच नाही. तो तिला तुमच्या जिभेवरूनच कळणार.

शब्दांच्या भेंड्या पाच वर्षांनंतर बऱ्या. कमळ, बाण असे शब्द आले की गाडी अडते, कारण ‘ळ’ आणि ‘ण’ने मराठी शब्द सुरू होत नाहीत. घरोघरी ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ करतात, तसंच करा.

मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षक आहे. शाळा दोनशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे. मुलं घरी पावरी बोलतात. मी लातूरकडचा. पुस्तकातल्या कविता साभिनय घेतो. मुलं माझ्यामागून सुरेख म्हणतात, हातवारेही करतात. पण स्वतःहून दोन वाक्यं बोलत नाहीत. वरिष्ठ म्हणतात, मुलं अबोल आहेत. काय करू? — एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

सर, तुमच्या पत्राने मला बराच वेळ गप्प केलं, कारण हा प्रश्न फक्त तुमच्या पाड्याचा नाही. सातपुड्यात, मेळघाटात, पालघरात, ऊसतोडीच्या तांड्यांवर, जिथे घरची भाषा वेगळी आहे तिथे सगळीकडे मुलांना हा ‘अबोल’ शिक्का बसतो. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे उभे राहून ऐका. तुमची मुलं एकमेकांवर ओरडत असतील, चिडवत असतील, सौदे करत असतील. अबोल मुलं असं करत नाहीत. त्यांना बोलता येतं, फक्त ते वर्गात चालत नाही असं त्यांनी ओळखलं आहे.

साभिनय गीतं चालू ठेवा, त्यांनी उच्चार आणि ठेका तयार होतो. पण त्यात मुलाला ठरवायला काही नसतं. सगळ्यांचे हात एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. स्वतःचं वाक्य त्यातून निघत नाही.

मी सुचवते तो खेळ असा. आधी मूकाभिनय. एका मुलाने पुढे येऊन काहीतरी करून दाखवायचं : विळ्याने गवत कापणं, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणं, कोंबडीला धरणं. बाकीच्यांनी ओळखायचं, कोणत्याही भाषेत. पावरी शब्द आला की तुम्ही तो फळ्यावर देवनागरीत लिहा, शेजारी मराठी. पावरी शब्द उच्चारताना तुम्ही चुकाल, मुलं हसतील आणि तुम्हाला दुरुस्त करतील. त्या क्षणी वर्गात बोलायची बंदी उठते.

आठवडाभर हे झालं की नाटक. तुम्ही लातूरचा माणूस, तुमची शेळी हरवली आहे. तुम्हाला पावरी येत नाही (हे तर खरंच आहे). मुलं पाड्यावरची माणसं, त्यांच्यापैकी कुणीतरी शेळी पाहिली आहे. मधे एक दुभाषा. तुम्ही मराठीत विचारता : “माझी शेळी पाहिली का?” दुभाषा पावरीत विचारतो. पाड्यावरचे पावरीत सांगतात, दुभाषा तुम्हाला मराठीत. रंग कोणता? शिंगं कशी? कुठल्या वाटेने गेली? एकटी होती की कळपात? दुभाष्याला मराठी वाक्य तयार करावंच लागतं, नाहीतर शेळी सापडत नाही. तो ‘शेळी तिकडे गेला’ म्हणेल. तुम्ही म्हणा, “शेळी तिकडे गेली? नाल्याकडे गेली?” आणि पुढे चला. दुभाषा रोज बदला. जे नुसतं पाहत असतात तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुभाष्याला वाक्यं सुचवू लागतात, हे मी आमच्याकडे स्थलांतरित मजुरांच्या मुलांबरोबर पाहिलं आहे. तिथे घरची भाषा कन्नड होती, खेळ हाच होता.

होळीच्या आधी तुमच्याकडे भोंगऱ्या बाजार भरतो. त्या आठवड्यात मुलांकडे सांगण्यासारखं एवढं असतं की पाठ्यपुस्तक मिटूनच ठेवा. वर्गात बाजार मांडा. दगड, पानं, बिया हाच माल. अर्धी दुकानं फक्त पावरीत विकतात, अर्धी फक्त मराठीत. घासाघीस केल्याशिवाय काही विकायचं नाही.

मला इथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होते. 1945 साली ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. साधनं कसली, तर शिंपले, खडे, पानं, बिया. मुलाच्या हाताला जे ओळखीचं आहे तिथून त्यांनी सुरुवात केली. भाषेचंही तसंच करायचं आहे. घरच्या भाषेला वर्गात जागा मिळाली की मुलं मराठीकडे स्वतः येतात.

वरिष्ठांनी हरकत घेतली तर 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवा. जिथे शक्य आहे तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आणि त्यांना एकदा शेळी शोधायला बोलवा. पाहुणा नवा असला की दुभाष्याला आणखी जोर चढतो.

आमच्या मराठी शाळेत दर रविवारी दहा ते तेरा वयाची मुलं येतात. दर वर्षी नाटक बसवतो. मुलं संवाद रोमन लिपीत लिहून पाठ करतात, प्रयोग झाला की विसरतात. प्रेक्षक आई-बाबा खूश असतात, पण भाषा काही वाढत नाही. — एक स्वयंसेवक शिक्षिका, न्यू जर्सी

मी सांगलीची, तेव्हा सांगलीतलंच सांगते. 1843 साली इथे विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. मराठी रंगभूमी आपण तिथून मोजतो. त्या नाटकांत पदं रचलेली असत आणि ती सूत्रधार गात असे. पण मधले गद्य संवाद नट आपापल्या शब्दांत, प्रसंग पाहून बोलत. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, कोण कोणाशी का भांडतंय हे ठाऊक, शब्द मात्र ज्याचे त्याचे. तुमच्या मुलांना नेमकं हेच हवं आहे.

यंदा संहिता देऊ नका. प्रसंग द्या. उदाहरणार्थ : आजी सहा महिन्यांसाठी आली आहे, दिवसभर घरात एकटी असते. एक दिवस ती न सांगता बाहेर पडते. नात शाळेतून घरी येते तर आजी नाही. आजी परत येते ती हातात शेजाऱ्यांच्या परसातल्या फुलांचा गुच्छ घेऊन, आणि मागून शेजारी. बस, एवढंच. आजीला फक्त मराठी कळतं, शेजाऱ्याला फक्त इंग्रजी, नातीला दोन्ही. (धडगावच्या सरांना सांगितलेला दुभाषा तुमच्याकडेही चालतो, वाचून पाहा.) एका कागदावर फक्त नामं लिहून भिंतीला लावा : देवपूजा, परडी, कुंपण, शेजारी, काळजी. रोमनमध्ये लिहिलीत तरी हरकत नाही. वाक्यं मात्र कुणीही लिहायची नाहीत.

तालमीत भूमिका सतत बदला. याला एक खास कारण आहे. परदेशात वाढणारी मुलं मराठी बहुतेक आईकडूनच ऐकतात, त्यामुळे मुलगेही ‘मी गेले’, ‘मी जेवते’ म्हणतात. रागावून ते सुटत नाही. तोच मुलगा एका रविवारी आजी झाला, ‘मी देवळात गेले होते’ म्हणाला, आणि पुढच्या रविवारी आजोबा होऊन ‘मी शोधायला गेलो होतो’ म्हणाला, की दोन्ही रूपं त्याच्या तोंडात वेगवेगळी बसतात. मुलींनाही बाबा, पोलीस, दुकानदार करा.

दुसरा खेळ आदराचा. वाक्य एकच : दार लावून घ्यायला सांगणं. धाकट्या भावाला, आजीला, आजोबांना, बाबांच्या साहेबांना, पहिल्यांदाच घरी आलेल्या काकूंना. ‘लाव रे’, ‘लावतेस का गं’, ‘लावता का’, ‘लावाल का जरा’. गंमत म्हणजे आपल्याकडे बऱ्याच घरांत आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ असतं, काही घरांत आईला ‘तू’ आणि बाबांना ‘अहो’. मुलांना आपापल्या घरी विचारून यायला सांगा. हा गृहपाठ आई-वडीलही आवडीने करतात, आणि त्या निमित्ताने घरात त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी निघतात. त्यातलाच एखादा प्रसंग पुढच्या नाटकाला घ्या.

प्रयोगात मूल अडलं तर काय, ही तुमची भीती मला कळते. सूत्रधार ठेवा. मोठ्या मुलांपैकी एखादा, किंवा तुम्ही स्वतः. रंगमंचावरच बसायचं, आणि अडलं की पात्रालाच प्रश्न विचारायचा : “आजी, ही फुलं कुठून आणलीत?” पात्र उत्तर देतं, नाटक पुढे सरकतं. प्रेक्षकांना ते अडखळणं वाटत नाही. दर प्रयोगाला संवाद थोडे वेगळे येतील, तसेच येऊ द्या. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, त्याच्या आसपासचा रविवार धरता आला तर उत्तम.

सुट्टीत नाट्यशिबिराला घालायचं आहे. जाहिराती खूप, फीही बरीच. चांगलं शिबिर कसं ओळखावं? — एक पालक, ठाणे

शेवटच्या दिवशीच्या प्रयोगाचे फोटो पाहू नका. शक्य असेल तर मधल्या एखाद्या दिवशी दाराबाहेर दहा मिनिटं उभे राहा आणि कोणाचा आवाज जास्त येतोय ते ऐका. सतत ताईचा किंवा दादाचाच येत असेल तर दुसरीकडे जा. प्रयोगात दोन मुलं बोलणार आणि वीस मुलं झाडं होणार असतील तरीही. मुलांनी स्वतः रचलेला एखादा तरी प्रसंग शिबिरात होतो का, हे विचारा. एका गटात पंचवीसहून जास्त मुलं असतील तर प्रत्येकाला बोलायला वेळ मिळत नाही, हे माझं अनुभवाचं मत.

मुलगी नऊ वर्षांची, बोलताना अडखळते. ‘क’, ‘प’, ‘त’ने सुरू होणाऱ्या शब्दांवर जास्त. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला आधी चार वाक्यांची भूमिका दिली होती, प्रयोगाच्या तोंडावर काढून घेतली आणि मागे उभं केलं. त्या दिवसापासून ती वर्गात हातही वर करत नाही. तिला नाटकात घालावं की नाटकापासून लांब ठेवावं? — एक बाबा, नाशिक

नाटकात घाला. पण त्याआधी आणि त्याच्याबरोबर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. नाटक उपचाराची जागा घेत नाही, हे मी ठामपणे सांगते. तुमच्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते का आणि तिथे वाचा-उपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, याची चौकशी करा. मुंबईला येणं जमत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिचं कामच वाणी आणि श्रवणाचं आहे.

अडखळणं भित्रेपणामुळे किंवा आळसामुळे येत नाही. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘आधी विचार कर’ या सूचना प्रेमाने दिल्या तरी मुलीचं लक्ष तिच्या जिभेकडेच जातं आणि अडखळणं वाढतं. तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका. ती काय म्हणतेय तिकडे लक्ष द्या, कसं म्हणतेय तिकडे नको. जीभ वळवण्याचे खेळ, ‘कच्चा पापड, पक्का पापड’ वगैरे, तिच्यासाठी सध्या पूर्ण बंद. वर चिपळूणच्या आजींना मी जे सुचवलं, ते तुमच्या मुलीसाठी नाही.

आता नाटकाचं. अडखळणारी बहुतेक मुलं गाताना अडखळत नाहीत, सगळ्यांबरोबर एका सुरात बोलतानाही नाही. म्हणून तिच्यासाठी पोवाड्याइतकं चांगलं काही नाही. शाहीर एक ओळ म्हणतो, मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत ती उचलतात. डफावर थाप आहे, ताल आहे, शेजारी चार आवाज आहेत. तिला झीलकरी करा. आमच्या वर्गात अशीच एक मुलगी होती. ती झील धरताना इतकी मोकळी गायची की नवीन आलेल्या मुलांना तिच्या अडखळण्याचा पत्ताच नसायचा. पुढे तिनेच दोन ओळी एकटीने म्हणायला मागितल्या. तिथे अडखळली, थांबली, पुन्हा उचलली, आणि डफवाला तेवढा वेळ ताल धरून राहिला. आम्ही मुलांना तेवढंच शिकवलं होतं : कुणी थांबलं तर ताल सोडायचा नाही.

झीलकऱ्याचं काम मागे उभं राहण्याचं नाही, हे शाळेतल्या बाईंनाही सांगावं लागेल. पुढच्या संमेलनाच्या तालमी सुरू व्हायच्या आधी त्यांना भेटा. मुलीला बरोबर नेऊ नका. तीन गोष्टी मागा. एक, भूमिका तिला विचारून द्यावी. दोन, एकदा दिलेली काढून घेऊ नये, हवं तर वाक्यं तिने स्वतः बदलावीत. ‘क’वर अडत असेल तर ‘कशाला आलास?’च्या जागी ‘आज इथे बरा आलास?’ म्हटलं तर नाटकाचं काही बिघडत नाही. तीन, वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणताना ती अडकली तर नुसता हात वर केलेला चालावा. तिसरी मागणी नाटकाची नाही, पण ती रोजची आहे, म्हणून सगळ्यात आधी तीच मागा.